पोपटने गाणं मध्येच तोडलं

मोहन्याच्या पुढे आणि टिटवाळ्याच्या अलीकडे आमची जी चार-पाच गावं आहेत, तिथे ज्याच्या ज्याच्या अंगाला हळद लागली त्याच्या त्याच्या कानात पोपट घुसलेला आहे. 'कलावती साउंड सर्व्हिस' म्हणजे आपला पोपट. टेम्पोवर लाल अक्षरात लिहिलंय, खाली मोबाईल नंबर, त्याच्या खाली 'हळद, साखरपुडा, बारसं, पूजा'. धंद्याला बायकोचं नाव दिलं तेव्हा कलावती लाजलेली. आता म्हणते, "कान लोकांचे फोडता तुम्ही आणि शिव्या खाते मी."

माणूस दिसायला एवढासा, नुसती हाडं आणि मिशी. पण बोलायला लागला की समोरचा माणूस स्पीकरच्या पलीकडे उभा आहे असं धरूनच बोलतो. धंदा सुरू केला तो एका भोंग्यावर आणि एका खोकड्या अँप्लिफायरवर. दोन्ही सायकलला बांधून आंबिवलीपर्यंत ढकलत न्यायचा. मग बेसचे खोके आले, मिक्सर आला, लायटी आल्या, टेम्पो आला. शिकला कुठे म्हणाल तर कुठेच नाही, करंट खात खात शिकला.

त्याचा नियम एकच. लावलेलं गाणं मध्येच तोडायचं नाही. नवरदेवाचा मामा दारू पिऊन मिक्सरवर पडो, पोरं दुसऱ्या गाण्यासाठी गळा काढोत, पोपट चालू गाणं पूर्ण वाजू देणार आणि मगच पुढचं लावणार. लाईट गेली तर म्हणून बॅटरी जोडलेली, बॅटरी बसली तर म्हणून जनरेटर तयार. हा काही त्याचा हट्ट नव्हे हां. आमच्याकडे गाणं संपून मशीन थांबलं तर समजायचं पानं वाढली, जेवायला चला. मध्येच थांबलं तर समजायचं गावात मयत झालं. हळद असो की पूजा, कोणी गेल्याची खबर आली की पहिला हात मशीनच्या बटणावर जातो. त्यामुळे चालू गाणं तुटलं की बायकांचे हात आपोआप कपाळाला लागतात आणि म्हातारे विचारतात, "कोन?"

आता या पोपटला एक थोरला भाऊ आहे, गुणाजी. दोघांची घरं एका वाडग्यात, म्हणजे एकाच आवारात, मध्ये कमरेएवढी भिंत. आणि गेली कित्येक वर्षं त्या भिंतीवरून शब्द गेलेला नाही. भांडण जमिनीचं असेल असं बाहेरच्याला वाटतं, कारण आमच्याकडे जमिनीला भाव आल्यापासून सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्यांवरच भेटतात. पण यांचं भांडण जमिनीचं नाही. गुणाजीच्या पोरीची, करिश्माची, हळद होती. पोरीला कल्याणचा डीजे पाहिजे होता, धूर सोडणारा, लेझर मारणारा. गुणाजी म्हणाला, आणा. पोपटला विचारलंसुद्धा नाही. सख्ख्या पुतणीच्या हळदीला परक्याचं मशीन! पोपटच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने काय करावं? आपले सगळे खोके गच्चीवर चढवले, तोंड भावाच्या मांडवाकडे केलं आणि दिला आवाज पूर्ण फोडून. इकडून कल्याणचा डीजे, तिकडून पोपट. हळद कोणाची, गाणं कोणाचं, कोणाला काही कळेना. करिश्मा अंगभर हळद घेऊन रडत घरात गेली. गुणाजी भिंतीपाशी आला, भावाकडे नुसता बघत राहिला आणि परत फिरला. तेव्हापासून बंद.

पोपटला पश्चात्ताप झाला का? झाला तर. दुसऱ्याच दिवशी झाला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणी आणि कसं? सणाला कलावती आणि लक्ष्मीवहिनी भिंतीवरून ताटं पोचवतात, दोघे भाऊ तेव्हा आपापल्या घरात काहीतरी शोधत असतात. दादाच्या मनात आपण उरलोय की त्याने आपल्याला कायमचं पुसून टाकलंय, एवढं एकच पोपटला जाणून घ्यायचं होतं. विचारायची मात्र सोय नव्हती.

त्यात पोरीचं पिक्चर आलं.

पोपटची ऐश्वर्या डोंबिवलीच्या कॉलेजात पिक्चर काढायचं शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटं पिक्चर काढावं लागतं. हिने थ्रिलर काढायचं ठरवलं. एका संध्याकाळी ती बापापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला तुमचं मशीन पाहिजे. सुरुवातीच्या सीनला."

पोपट हरखला. आजवर पोरीने त्याच्या धंद्याचं नाव काढलं की नाक मुरडलेलं. "घे की! भुताचं आहे काय? माझ्याकडे विजा आहेत, कुत्र्याचं रडणं आहे, पायातले पैंजण आहेत. नुसतं सांग, एवढा आवाज देतो की माणसं खुर्चीतून पडतील."

"भूत नाहीये. आणि आवाज द्यायचा नाहीये. सुरुवातीला पडदा काळा. लांबून हळदीचं गाणं येतंय. मग दिसतं, खोलीत नवरी एकटीच बसलीय, हळद लागलेली, खिडकीकडे पाठ. गाणं चालूच आहे. आणि मध्येच गाणं तुटतं."

"मग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे? मग किंकाळी?"

"नाही हो. शांतता. नवरी ऐकत बसलीय, आपण पण तिच्याबरोबर ऐकत बसतो. पाटावरून बांगडी सरकते, पंखा कुरकुरतो. बस."

पोपटने डोकं खाजवलं. "मग भीती कधी वाटणार?"

"तेव्हाच वाटणार, बाबा!"

आता बघा, ज्याने उभ्या आयुष्यात आवाज वाढवण्याचं काम केलं त्याला पोरगी सांगते की आवाज बंद केल्यावर लोक घाबरतील, आणि त्याला ते पटतही नाही आणि खोटंही वाटत नाही, कारण गाणं तुटल्यावर पोटात काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण तेच मुद्दाम करायचं? मयत नसताना? पोपट पार भंजाळला. रात्री कलावतीला म्हणाला, "पोरीला भीती पाहिजे, पण आवाज नको. हे म्हणजे कालवण पाहिजे पण मीठ-मसाला नको." कलावती म्हणाली, "तुम्हाला समजायला सांगितलंय कोणी? बटण दाबा आणि गप बसा."

त्याने एक तोडगा काढून बघितला. "गाणं मी पूर्ण वाजवतो, तू नंतर कॉम्पुटरवर काप." तर पोरीला ते चालेना. तिला म्हणे गाणं तुटल्यावरची वाडग्यातली खरी शांतता भरून घ्यायची होती. शांतता भरून घ्यायची! पोपटने हात जोडले. "बरं बाई. पण गाव गोळा होईल, त्याचं काय?"

"आधी सांगून ठेवू ना सगळ्यांना."

हे पोपटला पटलं. शूटिंग दुपारी होतं, तेव्हा सकाळीच तो आळीत निघाला. घरोघरी गेला. "आज दुपारी मशीन मध्येच बंद होईल हां. पोरीचं शूटिंग आहे. कोणी गेलेलं नाय. घाबरू नका." देवरामच्या म्हातारीला तर ऐकू येत नाही म्हणून तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरा झाला सांगितलास, मी लुगडं बदलायला घेतलं असतं." एकूण एक घर झालं. मग तो गुणाजीच्या दाराशी आला, जरासा थांबला, आणि पुढे गेला. इथे कोण सांगणार? कलावती सांगेल वहिनीला. कलावतीला वाटलं, हे आळीभर फिरून आले म्हणजे वाटेत कोणीतरी कानावर घातलंच असेल. आळीतल्या लोकांना वाटलं, भिंतीला भिंत लागून घर, त्यांना नसेल ठाऊक तर कोणाला? अशा रीतीने आळीत एकच घर राहिलं, आणि ते नेमकं सख्ख्या भावाचं.

दुपारी ऐश्वर्याबरोबर कॉलेजची दोघं आली. नवरी झालेली योगिनी आणि आवाज भरणारा साईनाथ. ते तिघं आतल्या खोलीत, खिडकी उघडी, साईनाथच्या कानाला हेडफोन आणि हातात लांब दांड्याचा माईक. पोपट एकटा बाहेर अंगणात, दोन बेसच्या खोक्यांच्या मध्ये, मिक्सरवर हात ठेवून. ऐश्वर्याने खिडकीतून हात खाली केला की तोडायचं.

गाणं सुरू झालं. उन्हात वाडगं दणाणलं. पोपटला बरं वाटत होतं. अर्ध्याच्या थोडं पुढे गेलं असेल, आता बाया सुरात सूर मिळवणार अशी जागा आली, आणि ऐश्वर्याचा हात खाली आला.

पोपटने बटण दाबलं.

आता असं आहे की एवढ्या मोठ्या आवाजात उभा राहिलेल्या माणसाच्या कानात, आवाज थांबला तरी सूंऽऽ असं चालूच राहतं. पोपटच्या कानात तेच चाललेलं. खरी शांतता पोरीच्या माईकमध्ये जात होती, पोपटला तिचा पत्ताच नव्हता. तो हात बटणावर ठेवून, पोरीने सांगितल्याप्रमाणे श्वाससुद्धा जपून घेत उभा राहिला.

आणि त्याला दिसलं, भिंतीवरून गुणाजी उडी मारतोय.

साठी ओलांडलेला माणूस! बनियन, लुंगी, पायात काही नाही, अंगावर कालवणाचा ओघळ, आणि दोन्ही हातांत हा एवढा बांबू. तोंड उघडं, डोळे फाटलेले. बांबू उगारूनच तो सरळ पोपटच्या अंगावर आला. पोपट घाबरून मागे सरला आणि खोक्यावर आपटला. त्याच्या मनात आलं, संपलं. इतकी वर्षं धरून ठेवलेलं आज काढतोय हा.

चार पावलांवर गुणाजी थांबला. पोपटच्या हाताकडे बघितलं, वायरींकडे बघितलं, परत पोपटच्या तोंडाकडे बघितलं. बांबू हळूहळू खाली आला. त्याची छाती भात्यासारखी चाललेली. पोपटच्या कानातलं सूंऽऽ आता विरत आलेलं. इकडे तिकडे बघून गुणाजी म्हणाला, "लाईट गेली काय तुमची?"

"नाय," पोपट म्हणाला. "आहे."

"बरं," गुणाजी म्हणाला, आणि बांबू घेऊन फाटकातून, सावकाश, लांबच्या वाटेने आपल्या घरी गेला.

आतून तिघं धावत आले. साईनाथचा चेहरा पांढरा पडलेला. "काका, काय झालं? कोणीतरी ओरडत होतं. मारामारी झाली का?" पोपटने उगाच वायरी गुंडाळायला घेतल्या. इतक्या वर्षांनी भाऊ बोलला तो काय बोलला, तर लाईट गेली काय! आणि आला कसा, तर बांबू उगारून! पोपटला रागवायचं की रडायचं तेच कळेना. शेवटी त्याने त्यातल्या त्यात सोपं होतं ते केलं आणि रागावला.

पुढचे काही दिवस पोपटने आळीत तोंड सोडलं. "मला मारायला आला! पोरीच्या शूटिंगमध्ये! बांबू घेऊन!" ऐकणारे म्हणायचे, अरे पण मारलं तर नाय ना? पोपट म्हणायचा, मारलं असतं, पोरं आली म्हणून वाचलो. (पोरं नंतर आली होती, पण रागात कोण हिशेब ठेवतो.) पंचांना बोलवायचं त्याच्या मनात घोळायला लागलं. भिंत अजून चार हात चढवायची असंही बोलून झालं. कलावती म्हणाली, "आणि ताटं कुठून द्यायची आम्ही?" तर तिच्यावर पण खेकसला. पण एकटा बसला की त्याला ते कालवण आठवायचं. भांडायला निघालेला माणूस जेवण तरी पुरं करून निघतो की नाही? अंगावर सांडून कशाला येईल? आणि मारायचंच होतं तर थांबला का? डोक्याचा पार भुगा झाला. एकदा वाटे, आपण वाचलो. एकदा वाटे, काहीतरी हातचं गेलं.

मग एका सकाळी ऐश्वर्याने हाक मारली. "बाबा, जरा इकडे या. मला एक ठरवता येत नाहीये." तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने लॅपटॉपसमोर बापाला बसवलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. "डोळे मिटा. फक्त ऐका."

पोपटने डोळे मिटले. लांबून त्याचंच गाणं आलं, खिडकीतून येतं तसं, मऊ. पोपटला वाटलं, आपलं मशीन एवढं गोड वाजतं? मग गाणं तुटलं. आणि पोपटचा हात आपोआप कपाळाला लागला. त्याने स्वतः दाबलेलं बटण, सगळं माहीत असलेलं, तरी लागला. काहीच नाही. पंखा. योगिनीच्या बांगडीचा बारीक आवाज. परत काहीच नाही. हे 'काहीच नाही' इतकं लांबलं की पोपटने खुर्चीचा हात घट्ट धरला. आता कोण येणार? कुठून?

लांब कुठेतरी ताट पडलं. गरगरत राहिलं. दार आपटलं. अनवाणी पाय धावत आले, धप धप धप, आणि त्याच्यावर एक गळा फुटला. माणसाचा की जनावराचा कळू नये असा.

"पोपट्याऽऽ! सोड! वायर सोड! अरे वायर सोड, पोपट्या! माझा पोपट्या..."

पोपटने हेडफोन ओढून काढले. खोलीत सकाळ होती, कलावती भांडी घासत होती, बाहेर रिक्षा वळत होती. त्याने परत हेडफोन घातले. "परत लाव," म्हणाला.

करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, सुक्या लाकडाने झटकून वायरीपासून तोडायचं असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पोपटचं गाणं तुटलं म्हणजे पोपटच तुटला, नाहीतर ते तुटेलच कसं? गुणाजीला दुसरं काही सुचलं नाही. आणि तो एवढा ओरडत आला तो खोलीतल्यांना नुसता आरडाओरडा वाटला, शब्द भरले गेले माईकमध्ये आणि ऐश्वर्याला ते कळले पिक्चर जोडायला बसल्यावर. ज्याच्यासाठी ओरडला तो मात्र कानात सूंऽऽ घेऊन उभा, त्याला दिसला नुसता बांबू.

"परत लाव," पोपट म्हणाला. ऐश्वर्याने परत लावलं. चौथ्या वेळी पोपट हेडफोन घालून हुंदके देऊन रडायला लागला, आणि कानावर हेडफोन असल्यामुळे आपण किती मोठ्याने रडतोय हे त्याला कळेना. कलावती साबणाच्या हातांनी धावत आली. "अवो काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाय गेलं," पोपट म्हणाला. "दादा आला होता."

ऐश्वर्याची अडचण वेगळी होती. हे असलं तिला मागून मिळालं नसतं. पिक्चरची सुरुवात हीच, तिला पक्कं माहीत होतं. पण आवाज मोठ्या काकांचा. त्यांना न विचारता कसा लावायचा? "नाव मी काढून टाकीन. शब्द कळणार नाहीत, खिडकीबाहेरून येतो तेवढाच ठेवीन. पण विचारावं लागेल, बाबा. मी जाऊ?"

"नको," पोपट म्हणाला. "मी जातो."

म्हणाला खरा, पण फाटकापर्यंत जाऊन दोनदा परत आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा गुणाजी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. टोपली मात्र थोडी मध्ये सरकवली. पोपट खाली बसला आणि शेंगा सोलायला लागला.

"यंदा वाल बरा आलाय," पोपट म्हणाला.

"हां."

"पोरीने त्या दिवशी आवाज भरलेला. पिक्चरसाठी."

"मग?"

"त्यात तुझा पण आलाय."

"माझा कसा येईल? मी कुठे बोललेलो?"

"ओरडलेलास."

"नाय. मी लाईट बघायला आलेलो."

"बांबू घेऊन?"

गुणाजीने एक शेंग उगाच दोनदा सोलली. "कुत्री असतात वाटेत."

दारातून लक्ष्मीवहिनी फस्सकन हसली. "कुत्री म्हणे! ताट लाथेने उडवलं, चपला राहिल्या, भिंत चढताना गुडघा फोडून घेतला. अजून हळद लावतेय मी. मामंजी गेले तेव्हा पण हे असे धावले नव्हते, भावोजी."

"तू आत जा गं," गुणाजी म्हणाला.

पोपटने हातातली शेंग खाली ठेवली. "दादा, करिश्माच्या हळदीला मी जे..."

"शेंगा सोल," गुणाजी म्हणाला.

पोपटने शेंगा सोलल्या. टोपली संपत आली तेव्हा त्याने परत विचारलं, "मग पोरीला काय सांगू?"

"तो आवाज माझा नाय. काय करायचं ते करा."

घरी येऊन पोपटने हे जसंच्या तसं सांगितलं. ऐश्वर्या म्हणाली, "म्हणजे हो की नाही?" पोपट म्हणाला, "तेच मला कळत नाय." कलावती म्हणाली, "हो आहे. तुमच्या घराण्यात हो असंच म्हणतात."

पिक्चर कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवलं. पोपटने टेम्पो धुऊन काढला आणि पुढे कलावतीला बसवून डोंबिवलीला नेला. ऐश्वर्याने भिंतीवरून तिकडच्या घरालाही बोलावलं होतं, पण तिकडून कोणी काही बोललं नव्हतं. हॉल पोरापोरींनी भरलेला. पोपट मागच्या रांगेत बसला, पंख्याचा आवाज जास्त येतो म्हणून चुळबुळला, आणि मग त्याला पुढे दोन रांगा सोडून लक्ष्मीवहिनीचा अंबाडा दिसला. तिच्या शेजारी इस्त्रीचा पांढरा सदरा. मान ताठ, समोर.

दिवे गेले. पडदा काळा. लांबून हळदीचं गाणं आलं. पोरं अजून कुजबुजत होती, कोणीतरी पाकीट फोडत होतं. पडद्यावर योगिनी दिसली, अंगभर हळद, पाठमोरी. गाणं चालू. पोपटला आता पुढचं पाठ होतं. तरी त्याने कलावतीचा हात धरला.

गाणं तुटलं.

हॉल एकदम गप झाला. पाकीट फोडणारा पण थांबला. एवढी माणसं, आणि सगळ्यांचे श्वास अडकलेले. पडद्यावर कोणी काही करत नव्हतं, नुसता पंखा कुरकुरत होता. शेजारची एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "यार, कोणीतरी मेलंय." ताट पडलं. पाय धावत आले. आणि तो गळा फुटला. नाव काढून टाकलेलं होतं, शब्द खिडकीबाहेर राहिलेले. सगळ्या हॉलच्या अंगावर काटा आला. कोण ओरडतंय, कोणासाठी, कोणाला माहीत नव्हतं.

पोपट पडद्याकडे बघतच नव्हता. तो पांढऱ्या सदऱ्याकडे बघत होता. आणि त्याला दिसलं की सगळा हॉल समोर बघतोय आणि एकटा गुणाजी खुर्चीत अख्खा मागे वळलाय. अंधारात डोळे बारीक करून एकेक रांग बघत चाललाय. पोपट जागेवरून अर्धा उठला. पडद्याच्या उजेडात दोघांची नजरानजर झाली. गुणाजीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, मान हलवली, आणि पुढे वळून बसला. त्यापुढे पिक्चरमध्ये काय झालं, खून कोणी केला, पोपटला आजतागायत सांगता येत नाही.

बाहेर आल्यावर पोरांनी ऐश्वर्याला घेरलं. सुरुवात कशी जमवली म्हणून सगळे विचारत होते. गुणाजी एका बाजूला उभा राहून रुमालाने चष्मा पुसत होता. पोपट त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला.

"पोरीने चांगलं काढलं," गुणाजी म्हणाला.

"हां."

"परत कधी मध्येच बंद करायचं असेल ना," गुणाजी म्हणाला, आणि चष्मा पुसतच राहिला, "तर आधी मला सांग."

"सांगतो, दादा."

"घरी येऊन सांग. फोन नको."